विश्लेषण : ‘एमडी’ मेंदूत नेमके काय करते? या नशेचा विळखा इतका घट्ट का?

ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावातील कारखाना, फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहत, २०२५ मध्ये तुळजापूर. ‘एमडी’ अर्थात मेफेड्रोनच्या बातम्या आता मुंबई-पुण्यापुरत्या राहिलेल्या नाहीत. या बातम्यांत किती किलो माल पकडला, त्याची बाजारातील किंमत किती कोटी आणि कितव्या आरोपीला अटक झाली, याचा तपशील असतो. ती पांढरी पूड मेंदूत पोहोचल्यावर काय करते, हे मात्र सहसा नसते. ‘एकदाच घेऊन पाहू’ म्हणणारा मुलगा आणि ‘मनावर घेतले तर सुटेल’ म्हणणारे त्याचे वडील, दोघांचाही अंदाज नेमका इथेच चुकतो. हे रसायन माणसाच्या निर्धाराची यंत्रणाच ताब्यात घेते, ती कशी, याचा हा आढावा.

‘एमडी’ म्हणजे काय? ‘एमडीएमए’ तेच का?

नाही. नावातील साम्यामुळे हा घोळ कायम होतो. ‘एक्स्टसी’ या नावाने ओळखले जाणारे ‘एमडीएमए’ हे वेगळे रसायन आहे. महाराष्ट्रातील पोलीस कारवायांत ज्याचा उल्लेख ‘एमडी’ असा होतो, ते मेफेड्रोन. ‘म्याऊ म्याऊ’ हे त्याचे बाजारातील आणखी एक नाव. ते पहिल्यांदा १९२९ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले आणि नंतर अनेक दशके विस्मरणात गेले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते इंटरनेटवरील विक्रीतून युरोपात पसरले. ब्रिटनमध्ये तर ‘झाडांचे खत’ असे लेबल लावून ते उघडपणे विकले जात होते. एप्रिल २०१० मध्ये ब्रिटनने त्यावर बंदी घातली. भारतात फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याचा समावेश अमली पदार्थविरोधी, म्हणजे एनडीपीएस कायद्याखालील यादीत झाला. या कायद्यानुसार मेफेड्रोनचे २ ग्रॅमपर्यंतचे प्रमाण ‘अल्प’, तर ५० ग्रॅमहून अधिक प्रमाण ‘व्यावसायिक’ मानले जाते. व्यावसायिक प्रमाणासाठी किमान १० आणि कमाल २० वर्षे सक्तमजुरीची शिक्षा आहे.

गांजा आणि अफूसाठी शेत लागते, हंगाम लागतो. मेफेड्रोन पूर्णपणे कृत्रिम असल्याने त्याला रसायने आणि ती हाताळता येणारा माणूस पुरतो. त्यामुळेच छापे शेतांवर न पडता औद्योगिक वसाहतींतील शेडवर आणि बंद पडलेल्या कारखान्यांवर पडताना दिसतात.

चहाही उत्तेजकच, मग फरक काय?

जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य हळूहळू साठत जाते. ते आपल्या रिसेप्टरला, म्हणजे चेतापेशीवरील ठरावीक ‘कुलपा’ला चिकटले की झोप येऊ लागते. चहा-कॉफीतील कॅफिन त्या कुलपात जाऊन बसते आणि अ‍ॅडेनोसिनला जागा देत नाही. थकवा तसाच असतो, त्याचा निरोप तेवढा थांबतो. कोकेन, अ‍ॅम्फेटामाइन, मेथॅम्फेटामाइन आणि मेफेड्रोन यांचा मार्ग वेगळा आहे. ही द्रव्ये डोपामाइन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन आणि सेरोटोनिन या तीन संदेशवाहक रसायनांच्या व्यवहारात थेट हात घालतात. नॉरअ‍ॅड्रेनॅलिनमुळे शरीर सावध होते, हृदयाचे ठोके वाढतात, भूक आणि झोप पळते. सेरोटोनिनचा संबंध मनःस्थितीशी आणि इतरांविषयी वाटणाऱ्या जवळिकीशी आहे. व्यसनाच्या दृष्टीने सर्वात कळीचे आहे ते डोपामाइन.

डोपामाइन हे ‘आनंदाचे रसायन’ आहे का?

समाजमाध्यमांवर डोपामाइनची ओळख अशीच करून दिली जाते, पण ती अपुरी आहे. १९५४ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक विद्युताग्रे बसवली. कळ दाबली की मेंदूच्या विशिष्ट भागाला सौम्य विद्युतप्रवाह मिळत असे. उंदीर ती कळ पुन:पुन्हा दाबत राहिले. मेंदूतील ‘बक्षीस यंत्रणे’चा शोध इथून सुरू झाला. या यंत्रणेत डोपामाइन मध्यवर्ती आहे हे पुढे स्पष्ट झाले.

१९९० च्या दशकात वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. अनपेक्षित फळरस मिळाला की डोपामाइन पेशी जोरात सक्रिय होत. रस मिळण्याआधी दर वेळी खूण दिली जाऊ लागली, तेव्हा काही काळाने पेशी रसाऐवजी त्या खुणेलाच प्रतिसाद देऊ लागल्या. खूण देऊनही रस मिळाला नाही, तर त्यांची सक्रियता नेहमीपेक्षा खाली गेली. म्हणजे ‘अपेक्षेपेक्षा चांगले घडले, हे लक्षात ठेव’ असा शेरा डोपामाइन मारते. अभियांत्रिकीच्या भाषेत हा ‘एरर सिग्नल’ आहे. प्रत्यक्ष आणि अपेक्षित यांतील फरक मोजायचा आणि त्यानुसार पुढचे वर्तन बदलायचे, असे त्याचे काम. मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी ‘आवडणे’ आणि ‘हवेसे वाटणे’ या मेंदूतील दोन वेगळ्या प्रक्रिया असल्याचे दाखवले. मेंदूतील डोपामाइन जवळजवळ संपवलेल्या उंदरांच्या तोंडात साखरपाणी घातले, तर ते आवडल्याच्या खुणा दिसत. मात्र ते मिळवण्यासाठी हे उंदीर जागचे हलत नसत. ‘हवेसे वाटणे’ हा डोपामाइनचा प्रांत आहे. व्यसन समजून घ्यायचे तर हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

मग एमडी या यंत्रणेत काय बिघडवते?

दोन चेतापेशींच्या मध्ये अतिसूक्ष्म फट असते. पहिली पेशी या फटीत डोपामाइन सोडते, ते दुसऱ्या पेशीच्या रिसेप्टरला चिकटते आणि निरोप पोहोचतो. निरोप पोहोचला की फट रिकामी व्हावी लागते, नाही तर घंटा वाजतच राहील. हे काम पहिल्या पेशीच्या भिंतीवरील ‘ट्रान्सपोर्टर’ नावाची प्रथिने करतात. ती पंपासारखी सोडलेले डोपामाइन आत ओढून घेतात आणि ते पुन्हा वापरात येते. संदेशवाहक रसायनांची अशी ‘परतफेड’ होते हे ज्युलियस अ‍ॅक्सेलरॉड यांनी नॉरअ‍ॅड्रेनॅलिनच्या बाबतीत दाखवून दिले. १९७० च्या नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यांपैकी ते एक होते.

कोकेन या पंपाच्या तोंडात बोळा कोंबते. सोडलेले डोपामाइन परत जाऊ शकत नाही आणि फटीत साचत राहते. अ‍ॅम्फेटामाइन आणि मेफेड्रोन एक पाऊल पुढे जातात. त्यांची रचना आपल्या संदेशवाहकांशी इतकी मिळतीजुळती असते की पंप त्यांनाच आत ओढून घेतो. आत गेल्यावर ती पंप उलटा फिरवतात. मग पेशीला कोणताही निरोप पाठवायचा नसताना तिच्यातील साठा बाहेर ओतला जातो. २०११ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील अभ्यासात मेफेड्रोनमुळे मेंदूच्या बक्षीस केंद्रातील डोपामाइन मूळ पातळीच्या साधारण पाचपट, तर सेरोटोनिन सुमारे नऊपट झाल्याचे आढळले. डोपामाइनची वाढ अ‍ॅम्फेटामाइनसारखी आणि सेरोटोनिनची वाढ ‘एमडीएमए’सारखी, असा हा दुहेरी मारा आहे.

यातली एक गोष्ट अनेकदा निसटते. एमडी मेंदूत बाहेरून आनंद किंवा ऊर्जा आणून घालत नाही. रात्रभर नाचणाऱ्याला मिळालेली ताकद त्याच्याच पेशींच्या साठ्यातून उपसलेली असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारी मरगळ, चिडचिड आणि उदासी ही त्या उपशाची वसुली.

डॉक्टर देतात त्या गोळ्याही याच पंपावर काम करतात ना?

हो. आणि विषयाची गुरुकिल्ली याच प्रश्नात आहे. अवधान कमी आणि अतिचंचलता जास्त असणाऱ्या, म्हणजे ‘एडीएचडी’ असलेल्या मुलांना दिले जाणारे मिथाइलफेनिडेट हे औषध कोकेनप्रमाणेच डोपामाइनचा पंप अडवते. मग ते घेणारी मुले व्यसनी का होत नाहीत?

पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेच्या संचालक झालेल्या नोरा व्होल्को यांनी १९९० च्या दशकात ब्रुकहेवन प्रयोगशाळेत मेंदूची ‘पेट’ चित्रणे घेऊन याचे उत्तर शोधले. नेहमीच्या मात्रेत तोंडाने घेतलेले मिथाइलफेनिडेट मेंदूतील निम्म्या किंवा त्याहून अधिक डोपामाइन पंपांवर बसते. तरीही नशा येत नाही, कारण मेंदूतील त्याचा प्रभाव शिखरावर पोहोचायला तास-दीड तास लागतो. शिरेतून दिलेले कोकेन चार ते सहा मिनिटांत तिथे पोहोचते. पंप किती अडवले यापेक्षा ते किती झपाट्याने अडवले, यावर नशा ठरते. पातळी सावकाश वाढली तर मेंदू जुळवून घेतो. तीच एकदम उसळली, तर ‘काहीतरी फार मोठे घडले’ असा शेरा मारला जातो.

निसर्गातील उदाहरणेही हेच सांगतात. मेफेड्रोनचा रासायनिक कूळपुरुष असलेले कॅथिनोन पूर्व आफ्रिका आणि येमेनमध्ये चघळल्या जाणाऱ्या ‘खात’ वनस्पतीच्या पानांत असते. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतरांगांत कोकाची पाने शतकानुशतके चघळली जातात. पाने चघळताना द्रव्य थेंबाथेंबाने रक्तात उतरते. ते शुद्ध करून त्याची पूड केली, नाकाने ओढली किंवा सुईने टोचली की तेच कूळ वेगळे रूप दाखवते.

यावरून ‘औषधाची गोळी म्हणजे सुरक्षित’ असा निष्कर्ष काढणेही चुकीचे ठरेल. परीक्षेच्या आधी जागरणासाठी कुणाच्या तरी चिठ्ठीवरची गोळी घेणे हा प्रकार वसतिगृहांना अपरिचित नाही. मिथाइलफेनिडेट भारतात ‘शेड्यूल एक्स’मध्ये मोडते. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत औषधविक्रेत्याला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. ‘एडीएचडी’ नसलेल्यांच्या बुद्धीला यामुळे होणारा फायदा अभ्यासांत माफक आणि बेभरवशाचा आढळला आहे. आपले काम छान होते आहे हा विश्वास मात्र वाढतो. त्यात झोप गेली की, वाचलेले पक्के करण्याची मेंदूची रात्रीची वेळही जाते.

एकदा घेतल्यावर पुन्हा पुन्हा का घ्यावेसे वाटते?

पहिले कारण म्हणजे परिणामाचा अल्प कालावधी. वर उल्लेख केलेल्या अभ्यासात मेफेड्रोनने वाढवलेले डोपामाइन शिखरानंतर निम्म्यावर यायला जेमतेम २५ मिनिटे लागली. ‘एमडीएमए’च्या बाबतीत हा काळ कित्येक तासांचा होता. झपाट्याने चढणारी आणि तितक्याच झपाट्याने उतरणारी नशा लगेच पुढची ‘लाइन’ मागते. एका ग्रॅमची पुडी आठवडाभर पुरवू, असे ठरवून बसलेला माणूस ती एका रात्रीत संपवतो, ती यामुळे.

दुसरे कारण मेंदूचे जुळवून घेणे. घरातील कुणी सतत ओरडून बोलू लागले तर आपण कानावर हात ठेवतो. डोपामाइनचा पूर वारंवार येऊ लागला की चेतापेशीही तेच करतात आणि त्यांच्यावरील काही रिसेप्टर कमी होतात. दीर्घकाळ कोकेन किंवा मेथॅम्फेटामाइन घेणाऱ्यांच्या मेंदूत ‘डी-२’ प्रकारचे डोपामाइन रिसेप्टर कमी असल्याचे चित्रणांत दिसले आहे. परिणामी पूर्वीइतक्या मात्रेत भागत नाही. शिवाय मित्रांच्या गप्पा, क्रिकेटचा सामना, आवडीचे जेवण हे नैसर्गिक सुखाचे हलके आवाज आता ऐकूच येत नाहीत. ‘त्याला कशातच रस उरला नाही’ ही घरच्यांची तक्रार शब्दश: खरी असते.

तिसरे कारण खुणांचे. शुल्ट्झ यांच्या माकडांप्रमाणे माणसाचा मेंदूही नशेच्या आधीच्या खुणा पक्क्या लक्षात ठेवतो. ठरावीक मित्राचा फोन, एखादी गल्ली, शनिवारची संध्याकाळ, खिशात आलेला पगार. या खुणा दिसताच ‘हवे आहे’ची यंत्रणा जागी होते, मग नशेतला आनंद केव्हाच संपलेला का असेना. आवडेनासे झाले तरी हवेसे वाटत राहते. ‘मजा येत नाही, तर घेतोस कशाला’ या प्रश्नाला व्यसनाधीन व्यक्तीकडे उत्तर नसते, ते याचमुळे.

जीवाला धोका कधी निर्माण होतो?

उत्तेजक द्रव्ये फक्त मेंदूपुरती थांबत नाहीत. नॉरअ‍ॅड्रेनॅलिनमुळे हृदयाची गती आणि रक्तदाब वाढतो, रक्तवाहिन्या आकसतात. तरुण वयातही हृदयविकाराचा झटका किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. शरीराचे तापमान धोकादायक पातळीवर जाऊ शकते. गर्दीच्या, कोंदट जागी तासनतास नाचताना हा धोका वाढतो. झटके येऊ शकतात. सलग काही दिवस सेवन आणि जागरण झाले की संशय, भास आणि ‘कुणीतरी माझ्या मागावर आहे’ अशी भीती दिसू लागते. हे चित्र तीव्र मानसिक आजारासारखेच भासते. दारूसोबत घेतल्यास धोका आणखी वाढतो. पुडीत प्रत्यक्षात काय मिसळले आहे याची खात्री तर घेणाऱ्यालाही नसते आणि विकणाऱ्यालाही.

हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांचा अतिरेक झाला तर नॅलॉक्सोन हा उतारा उपलब्ध आहे. मेफेड्रोनवर असा उतारा नाही. डॉक्टर रुग्णाला शांत करणारी औषधे देतात, शरीर थंड करतात, हृदयावर लक्ष ठेवतात. म्हणून छातीत दुखणे, खूप ताप, झटके, भ्रम किंवा बेशुद्धी यांपैकी काहीही दिसल्यास ‘उतरेल थोड्या वेळात’ म्हणून वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णाला थंड, मोकळ्या जागी न्यावे. काय आणि कधी घेतले, हे डॉक्टरांना खरे सांगावे. पोलिसांच्या भीतीने ही माहिती लपवली जाते आणि उपचारांतील मोलाची मिनिटे वाया जातात.

मेंदू पूर्ववत होतो का?

बऱ्याच अंशी होतो, पण सावकाश. मेफेड्रोन तुलनेने नवे असल्याने याबाबतचा मोठा पुरावा त्याच्या जवळच्या मेथॅम्फेटामाइनवरील अभ्यासांतून येतो. व्होल्को आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोट्या अभ्यासात मेथॅम्फेटामाइन सोडलेल्यांची चित्रणे पुन्हा घेण्यात आली. घटलेले डोपामाइन ट्रान्सपोर्टर १२ ते १७ महिन्यांच्या वर्ज्यानंतर लक्षणीयरीत्या भरून आले होते. मात्र हालचाली आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांत तेवढी सुधारणा नव्हती. आठ-पंधरा दिवस घरात कोंडून ठेवल्याने माणूस ‘बरा’ का होत नाही, हे या कालावधीवरून लक्षात यावे. पहिल्या काही महिन्यांत मेंदूची बक्षीस यंत्रणा मंदावलेली असते, जग बेचव असते आणि याच काळात माणूस पुन्हा घसरण्याची शक्यता मोठी असते.

अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोनसारखी पर्यायी औषधे आहेत. उत्तेजकांच्या व्यसनासाठी तसे सर्वमान्य औषध अद्याप नाही. सर्वाधिक पुरावा आहे तो वर्तनोपचारांच्या बाजूने. त्यातही ‘कन्टिन्जन्सी मॅनेजमेंट’ ही पद्धत प्रभावी ठरली आहे. लघवीची चाचणी स्वच्छ आली की लगेच छोटेसे बक्षीस द्यायचे, अशी तिची साधी रीत. वरवर पोरकट वाटणाऱ्या या उपायामागचे तर्कशास्त्र पक्के आहे. जी यंत्रणा नशेने बिघडवली, तिलाच छोटी, खात्रीची आणि तत्काळ बक्षिसे देऊन पुन्हा वळण लावले जाते.

उपचारांच्या आड कायदा येतो का?

अनेक कुटुंबे गुन्हा दाखल होईल या भीतीने रुग्णालयाची पायरी चढत नाहीत. मेफेड्रोनचे सेवन हा गुन्हा आहेच. एनडीपीएस कायद्याच्या कलम २७ नुसार त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मात्र याच कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात स्वेच्छेने व्यसनमुक्ती उपचार घेण्यास तयार झाली, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येते. म्हणजे व्यसनाधीन व्यक्ती रुग्ण असू शकते, ही शक्यता कायद्याने गृहीत धरलेली आहे. तिचा उल्लेख छाप्यांच्या बातम्यांत येत नाही, एवढेच.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात देशातील १० ते ७५ वयोगटात अ‍ॅम्फेटामाइन गटातील उत्तेजके घेणाऱ्यांचे प्रमाण ०.१८ टक्के आढळले होते. गांजा-भांग घेणाऱ्यांचे प्रमाण २.८ टक्के, तर अफूजन्य पदार्थ घेणाऱ्यांचे २.१ टक्के होते. आकडा लहान दिसतो. मात्र त्यानंतर राज्यातील कारखान्यांवर पडलेले छापे पाहता, त्या आकड्यावर विसंबून राहता येणार नाही. कारखाने बंद करणे हे पोलिसांचे काम आहेच. पण वर्षभर सावकाश सावरणाऱ्या मेंदूला त्या काळात सांभाळणारे समुपदेशक, मानसोपचारतज्ज्ञ आणि तालुक्याच्या ठिकाणची केंद्रे नसतील, तर जप्त मालाचे आकडे मोठे होत जातील आणि पुडी मागणारे हात तेवढेच राहतील.

मदतीसाठी राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची ‘टेली-मानस’ १४४१६ या क्रमांकांवर नि:शुल्क संपर्क साधता येतो. पहिला फोन व्यसनाधीन व्यक्तीनेच करायला हवा असे नाही. घरच्यांनी केला तरी चालतो.